सहाला अडकणारा सर्व्हर

उत्रोली, मंगळवार संध्याकाळ

आजही बरोबर सहाला ऑनलाइन खेळ अडकला. सर्व्हर माझ्या कॉम्प्युटरवर चालतो, मैत्रिणी पुण्याहून खेळतात. "तुझं मशीन म्हातारं झालंय," म्हणाल्या. पण रॅम नुकतीच वाढवली, प्रोसेसरवर निम्माही भार नव्हता. मग काय? अपलोडचा वेग पाहिला, तोच सहाला कोसळत होता. म्हणजे कुणीतरी आपलं वायफाय ओढतंय. शेजारच्या वहिनी? पासवर्ड त्यांना मीच दिला होता. चार दिवस त्यांच्याशी धड बोललेही नाही. आज राउटरला जोडलेल्या फोनची यादी उघडली, तर सहाला सगळ्यात जास्त नेट ओढणारा आईचा फोन.

तिला शोधत गोठ्यामागं गेले. बाबा डेअरीला दूध घालायला गेलेले, आणि आई व्हिडिओ कॉलवर पासली गावच्या माझ्या मामाशी बोलत होती. मामाशी भांडण झाल्यापासून बाबांनी त्याचं नावही घरात घेऊ दिलेलं नाही. मला बघताच तिनं फोन पदराखाली घेतला.

"त्यांना सांगू नगंस."

"न्हाई सांगत. बोल तू."

वहिनींवर उगाच संशय घेतला. लाज वाटतेय.

मैत्रिणींना कळवलं, सहा ते सात सर्व्हर बंद राहील. का, म्हणाल्या. म्हटलं, हितली लाइन लई कमजोर आहे.