सात कवळ्या आणि मागची सीट

ती. आईंना,

सायकल स्टँडवर लावून, दोन्ही हात मोकळे करून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? इथे आम्ही दोघं मजेत आहोत. गोटी दोन वेळा जेवते, मी एक वेळा जेवतो आणि दुसऱ्या वेळी तिचं उरलेलं संपवतो. तेव्हा ‘तुमच्याच्यानं होणार नाही, पोरीला मी घेऊन जाते’ असं जे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत, ते मनातून काढून टाका. तुमची लेक जाऊन आठ महिने झाले. तेवढ्यात मी वेणी घालायला शिकलो (ती वेणी आहे असं शेजारणीला सांगावं लागतं, पण सांगितलं की पटतं).

तरी बुधवारचा प्रकार तुमच्या कानावर तिखटमीठ लावून येण्याआधी मीच कळवतो. आमच्या लॅबमध्ये तयार झालेल्या कवळ्या रोज सकाळी नऊच्या आत दातांच्या वेगवेगळ्या डॉक्टरांकडे पोचवायच्या आणि जाता जाता त्यांच्याकडचे जबड्यांचे प्लास्टरचे साचे गोळा करायचे, हे माझं काम. पाळणाघर उघडतं साडेनऊला. म्हणजे साचे, कवळ्या आणि साडेतीन वर्षांची गोटी हे सगळं एकाच सायकलवर. गोटीची जागा ठरलेली आहे, कॅरिअरवरची सीट, पट्टा बांधून. प्रश्न फक्त पिशव्यांचा.

सोमवारी त्या हँडलला अडकवल्या. वळणावर साच्यांची पिशवी झुलली, चाकात गेली आणि आम्ही एका बँकेच्या दारात आडवे झालो. वॉचमनने आधी गोटीला उचललं, मग सायकलला, आणि थोडा विचार करून मला. (गोटीला काही लागलं नाही. माझं कोपर मोजण्यासारखं नाही.) मंगळवारी सगळं सॅकमध्ये भरून पाठीवर घेतलं. प्रत्येक ब्रेकला सॅक गोटीच्या नाकावर आपटायची आणि प्रत्येक वेळी ती माझ्या कमरेत बुक्की मारायची. आजोळचा न्यायीपणा तिच्यात पुरेपूर उतरला आहे.

बुधवारी मला वाटलं, आपल्याला अक्कल आली. साचे पाठीला न लावता पुढे दांडीला घट्ट बांधले आणि कवळ्यांची हलकी पिशवी गोटीच्या मांडीवर दिली. म्हटलं, हे आपल्या दोघांचं काम आहे, घट्ट धर. तिनं धरलीही. उघडू नकोस, हे मी सांगितलं नव्हतं.

सिग्नलला थांबलो तर मागून ट्रॅफिक पोलीस धावत आला. मी लायसन्स शोधू लागलो (सायकलला ते लागत नाही हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही). त्याच्या तळहातावर खालची कवळी होती.

“पोरीनं दिली,” तो म्हणाला. “पण माझे आहेत अजून.”

पिशवीत बघितलं तर सातातल्या तीनच उरलेल्या. तसाच मागे फिरलो. बसस्टॉपवर एक बाई हातातली कवळी उलटसुलट करून बघत होत्या, त्यांच्याकडून ती मागून घेतली. तिसरी रस्त्याच्या मधोमध होती आणि तिच्यावरून ट्रक गेला होता. चौथी मिळालीच नाही.

ट्रकखालची एका निवृत्त मुख्याध्यापकांची निघाली. त्याच संध्याकाळी त्यांचा सत्कार होता. ते डॉक्टरांच्या खुर्चीत, भाषणाचा कागद मांडीवर ठेवून बसले होते. मला पुष्कळ वेळ बोलले. दातांअभावी त्यातले फक्त स्वर पोचले. मी सगळ्याला ‘चुकलं’ म्हटलं. डॉक्टरांनी लॅबच्या मालकांना फोन केला आणि मालकांनी मला बोलावून सांगितलं, एक तारखेपासून पोरीला न घेता या, नाहीतर येऊ नका. माणूस वाईट नाही. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावरचा एक जबडा पुसत होता.

चौथी कवळी संध्याकाळी गोटीचा फ्रॉक धुताना खिशात सापडली.

“ही कुणाची गं?”

“तुझी. ठेवली तुझ्यासाठी.”

“मला आहेत की दात.”

“दिसत नाहीत,” ती म्हणाली. “आईला दाखवायचास.”

मी तिला म्हटलं, अजून खूप कपडे धुवायचे आहेत, तू बाहेर जाऊन खेळ. (खरंच होते.) ती गेल्यावर नळ सोडून बराच वेळ तिथंच बसलो. ती कवळी दुसऱ्या दिवशी स्वच्छ करून ज्यांची त्यांना नेऊन दिली.

एकूण काय, काळजीसारखं काही नाही. गुडघ्यांना जपा.

तुमचा,
जावई

ता. क. एक तारखेला नऊ दिवस आहेत. पाळणाघरच्या बाईंना तासभर लवकर उघडाल का म्हणून विचारलं. त्यांचं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांना जमत नाही. शेजारीण आठला स्वतःच कामावर जाते. माझं सगळीकडे विचारून झालं आहे.

आणखी एक. गोटीला घेऊन जायला येणार असाल तर आई, कृपा करून येऊ नका. ती गेली तर मला कामावर जायचं कारणही उरणार नाही. पण राहायला येणार असाल तर मिळेल त्या गाडीनं या. तुमची खाट मी खिडकीपाशी लावून ठेवली आहे. तुमच्या लेकीचं कपाट अजून उघडलेलं नाही. ते तुम्ही आलात की दोघं मिळून उघडू.