चढताना लागायचा तो घाट

आई,

मी सायकलवरून कुंभार्ली घाट चढून आले. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर हेल्मेट आणि पन्नाशी कधीच मागं पडलेली. तुझे जावई म्हणाले की आता तुला हाडं मोडून घ्यायची हौस आली आहे. तू असतीस तर लगेच त्यांची बाजू घेतली असतीस आणि ते बाहेर गेल्यावर मला हळूच विचारलं असतंस, बायकासुद्धा ती घट्ट चड्डी घालतात का गं? घालतात. मीही घातली. वरून गुडघ्यापर्यंत येणारा शर्ट घातला, तेवढी मी तुझी लेक आहेच.

सांगलीत आमचा पहाटे सायकल चालवणाऱ्यांचा एक गट आहे. त्यातल्या एकीनं ही सहल शोधून काढली. वाईहून निघायचं, पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटानं खाली कोकणात उतरायचं, चिपळूणला मुक्काम करायचा आणि कुंभार्ली घाटानं परत वर येऊन पाटणला थांबायचं. बरोबर एक वाटाड्या आणि मागं सामानाचा टेम्पो, म्हणजे ज्याचे पाय बोलतील त्यानं त्यात बसावं. वाटाड्या पाटणकडचाच, फौजेतून निवृत्त झालेला, दर वळणाला सगळे ठीक आहेत ना म्हणून ओरडणारा. बाकीच्यांना घाट सर करायचे होते. मी नाव दिलं ते नुसतं कुंभार्ली हे नाव वाचून, कारण त्याच्या पायथ्याशी तुझं माहेर, आणि तिथं जाऊन मला इतकी वर्षं झाली होती की मला माझीच लाज वाटली.

लहानपणचं आठवतं ते असं. कराडच्या स्टँडवर चिपळूण गाडी लागते, आण्णा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि आपण चढतो. कोयना मागं पडते, घाट उतरायला लागतो. तू खिडकीशी बसून मला दरी दाखवतेस, शेंगा सोलून देतेस, गाडी वळली की मुद्दाम माझ्या अंगावर रेलतेस आणि हसतेस. तशी हसताना पलूसला, सासरच्या घरात मी तुला फारसं पाहिलेलं नाही. मग सुट्टी संपते, आण्णा न्यायला येतात, तीच गाडी तोच घाट चढू लागते आणि तू पुढच्या बाकाच्या दांडीवर डोकं टेकून, पदराचा बोळा तोंडाला लावून बसतेस. आण्णा तुझी पाठ चोळतात, नाकाशी लिंबू धरतात, गाडी लागली का विचारतात. तू मान हलवतेस. पाटणला उतरून तू चूळ भरायचीस, तोंडावर पाणी मारायचीस आणि आता बरं वाटतंय म्हणायचीस. तुझे डोळे लाल झालेले असायचे. ओकारी दाबून धरली की डोळे लाल होतात, असं आण्णा म्हणायचे आणि मला ते पटायचं.

आण्णांनी उपायही कमी केले नाहीत. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, आल्याचे तुकडे मिठात घालून दिले, ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा मिळावी म्हणून स्टँडवर लोकांशी भांडले. कशानं काही फरक पडेना. मग एका वर्षी गौरीच्या आधी मामा तुला न्यायला आला, तेव्हा आण्णांनी त्याला सोप्यात बसवून सांगितलं, "पाव्हणं, घाटात हिचा जीव नुसता अर्धा हुतो. मला बघवत न्हाई. हिला न्हेण्यापेक्षा तुमीच येत जावा. घर तुमचंच हाय." मामा काय बोलणार? बहिणीची एवढी काळजी करणारा मेहुणा मिळाला म्हणून त्याचं तोंड बंद झालं. भावकीतल्या बायका तुला म्हणाल्या की तू मोठं नशीब काढलंस. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस आणि थापतच राहिलीस. दुसऱ्या दिवशी मामा एकटा परत गेला. त्यानंतर दरवर्षी तो फणस, कोकम, तांदळाचे पापड घेऊन घाट चढून यायचा आणि रिकामी पिशवी घेऊन उतरायचा. तू परत गेलीस ती तुझी आई वारली तेव्हाच. त्या वेळी आण्णांनी जीप ठरवली होती, तुला बसचा त्रास नको म्हणून.

परवा आंबेनळी घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून माझी बोटं बधिर झाली होती. आमच्यातली एक जण पाय दुखतात म्हणून टेम्पोत बसली होती. मध्यावरच तिनं टेम्पो थांबवला आणि ती कठड्याशी बसून ओकायला लागली. मी पाणी घेऊन गेले आणि बोलायचं म्हणून बोलले की घाट चढताना लागतो असं ऐकलं होतं, उतरताना कसा लागला. वाटाड्या सायकलची साखळी पुसत होता. तो म्हणाला, "ज्याला घाट लागतोय त्याला दोन्हीकडनं लागतोय, ताई. उतरताना तर लय. वळणं काय बदलत्यात व्हय?"

वळणं तीच होती, आई. उतरताना तू मला शेंगा सोलून देत होतीस. तू एकदाही ओकलेली मी पाहिली नाही, हे मला तिथं कठड्याशी उभं राहून आठवलं. तू रडत होतीस. शेजारी नवरा, मागच्या बाकावर ओळखीचं कुणीतरी, मांडीवर मी. माहेर सुटलं म्हणून रडायला तुला दुसरी जागाच नव्हती. गाडी लागली म्हटलं की पदर तोंडाला लावता येतो आणि कुणी काही विचारत नाही. खरं सांगायचं तर मला आधी तुझाच राग आला. मामा सोप्यात बसला होता तेव्हा एकदा तरी सांगायचं होतंस की मला काही होत नाही, मला जाऊ द्या. पण मग इतकी वर्षं तोंडाला पदर कशाला लावत होतीस, हे आण्णांनी विचारलं असतं. या घरी यायला रडू येतं, हे त्या चांगल्या माणसाच्या तोंडावर कसं सांगणार होतीस?

चिपळूणहून निघालो त्या सकाळी घाटाच्या पायथ्याशी सगळे चहाला थांबले आणि मी तुझ्या गावात शिरले. मामा गेला हे तुला माहीत आहे. मामी पडवीत बसून सुपात कोकमं निवडत होती. हेल्मेट काढेपर्यंत तिनं मला ओळखलं नाही, ओळखल्यावर मात्र माझा हात सोडेना. मी तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, "गाडी कसली लागत्येय? निघायच्या आदल्या दिवसापासून ती जेवायची नाय. आमाला सगळ्यांना ठावं होतं." मग मामानं आण्णांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ती थोडा वेळ सूप हलवत राहिली. "काय सांगायचं? आमची पोर तुमच्याकडं रडत येत्ये, असं? मग तिला तिकडं बरं कोण बोललं असतं?"

घाट मी सगळ्यांच्या मागून चढले. अर्ध्यात पाय गेले तेव्हा वाटाड्या परत खाली आला आणि म्हणाला, "उतरून ढकला की, ताई. घाट काय पळून चाललाय व्हय?" मी उतरले. सायकल ढकलत, ट्रकना वाट देत चालत होते आणि आण्णांना काय सांगायचं ते मनात घोकत होते. त्यांना सांगायचंच, हे ठरलं होतं. तुझी पन्नास वर्षं अशी गेली आणि ती घालवणाऱ्याला पत्ताच नाही, हे मला सहन होईना. तुझ्या बाजूनं बोलायला आता माझ्याशिवाय उरलंय तरी कोण?

सहल संपल्यावर तडक पलूसला गेले. आण्णा आता फारसे उठत नाहीत. कॉटवर बसून उसाला पाणी कोण देतंय याची चौकशी करत असतात. कान गेलेत, पण मी कुंभार्ली म्हटलं ते त्यांना लगेच ऐकू आलं. सायकलनं चढले यावर आधी त्यांचा विश्वास बसेना. मग खिडकीकडं बघत म्हणाले, "तुझ्या आईला त्यो घाट लय लागायचा. म्यां पुन्हा तिला कवा यष्टीनं त्यात घातली न्हाई. माझ्या हातनं तिचं दुसरं काय बरं झालं नसंल, पर एवढं झालं. व्हय का न्हाई?"

घोकलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, कानाशी हात धरून, शाळेतल्या मुलासारखे. तुझं काय गेलं ते मला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं. तरी मी वाकून त्यांच्या कानात म्हणाले, "व्हय, आण्णा. आई म्हणायची, तुमी होता म्हणून मी त्या घाटातनं सुटले." त्यांनी डोळे पुसले आणि मला चहा ठेवायला सांगितलं.

हे कुठं पोचायचं नाही म्हणूनच लिहिते आहे. तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. ते मीच तुझ्या तोंडी घातलं.