पांढरा कोंबडा, तांबडं अंडं

आंबवडे, ता. १२ जानेवारी १९३६
आज पुन्हा तेच. ह्यांनी धाकटीच्या तांबड्या कोंबडीचं अंडं सासूबाईंना नेऊन दाखवलं. "बघ, कसं इटकरी हाय!" माझ्या पांढऱ्यांची अंडी इतकी वर्षं खाल्ली, तेव्हा रंग दिसला नाही. गुंजवण्याहून सवत आली ती आली, वर आंदणात कोंबडीसुद्धा देखणी. जळफळाट होतो नुसता.

ता. २ फेब्रुवारी
ठरलं. माझा पांढरा कोंबडा, तिची तांबडी. पिसं माझ्याकडची, अंड्याचा रंग तिच्याकडचा. तशा पांढऱ्या तलंगा, तांबडं अंडं देणाऱ्या तरण्या कोंबड्या, भोरच्या बाजारात कुणाकडे नाहीत. मग बघू कुणाची अंडी मिरवतात.
तिच्याकडे अंडी मागताना जीव गेला. म्हणते, "घ्या की अक्का. तुमचं-माझं काय येगळं हाय?" सगळंच वेगळं आहे, बाई. कोळशाने खुणा करून माझ्या खुडूक कोंबडीखाली ठेवली.

ता. २४ फेब्रु.
पिल्लं निघाली. बाकी सगळी मातकट, ठिपक्यांची. एकच पिवळं धमक. तेच पांढरं होणार.

ता. ८ मार्च
धाकटीला दिवस गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझंच समज." कसं समजू?
मुंगसाने माझा म्हातारा पांढरा कोंबडा नेला. आता सगळी भिस्त त्या पिल्लावर.

ता. ५ जुलै
धाकटी माहेरी. घर माझं एकटीचं. पिल्लाचा कोंबडा झालाय, शुभ्र, आरवतोही. हे चौकशी करतात ती गुंजवण्याची.

ता. २० ऑगस्ट
मुलगा झाला. पुढे लिहवत नव्हतं...
सासूबाई म्हणाल्या, "म्हसोबाला नवस बोलले व्हते म्या, तुझ्यासाठीच. घरात पाळणा हलला तर एकरंगी पांढरा कोंबडा." नवस माझ्यासाठी, पाळणा तिचा, कोंबडा माझा! बाजारातून दुसरा आणू म्हटलं. "घरचाच पायजे. एक पीस येगळं चालायचं न्हाई." हे मान खाली घालून जेवत राहिले.

ता. ८ ऑक्टोबर
धाकटी आली. पोर माझ्या मांडीवर दिलं. नाक ह्यांचंच. लगेच परत दिलं.
कोंबड्याच्या डाव्या पंखाखाली एक तांबडं पीस सापडलं! सांगितलं तर तो वाचेल. पण नवस लांबेल, आणि पोराला साधं पडसं झालं तरी बोट माझ्याकडेच. गप्प बसले.

ता. १४ ऑक्टोबर
उद्या अमावस्या. म्हसोबाचा नवस फेडायचा.
संध्याकाळी धाकटी पोराला कडेवर घेऊन खुराड्याशी आली. कोंबडा धरला, पंख उचलला. तांबडीचा रंग तिला कसा चुकेल? हळूच म्हणाली, "अक्का, हे पीस माझ्या तांबडीचं. म्या सांगते आत्याबाईंस्नी, ह्यो चालायचा न्हाई म्हणून. माझ्या पोराचा नवस हाय, थांबला तर माझा थांबंल. तुमचा कोंबडा ऱ्हाऊ द्या."
माझा कोंबडा वाचवणारीही हीच! त्याच्या तलंगा तांबडी अंडी घालतील, आणि प्रत्येक अंड्याला मला हिची आठवण. एवढी चांगली कशाला वागते? वाईट वागली असती तर सोपं होतं.
म्हटलं, "आज बोलू नकोस. सकाळी बघू."
आत्ता पुन्हा जाऊन आले. पीस आहे तिथंच, घट्ट. चिमटीत धरलं होतं. उपटलं की तिचे उपकार नकोत. पण मग कोंबडाही नाही.
सोडून दिलं. हात अजून शिवशिवतोय.