उतरवायचं की पाडायचं

ताई,

जिन्याच्या चौथ्या पायरीत माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला आहे आणि ठेकेदाराचा माणूस करवत आणायला गेला आहे. तेवढ्यात हे लिहून घेतो. वाकून नमस्कार करता येत नाही, बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? माझी तब्येत गुडघ्याच्या वर उत्तम आहे.

बाबांची दुमजली इमारत (खाली चार दुकानं, वर कचेऱ्या, आता सगळीकडे कबुतरं) पाडून घेण्याचं काम तू माझ्यावर सोपवलंस, कारण मला व्यवहार कळतो असा घरात समज आहे. तो मीच पसरवला होता. मी तीन ठेकेदार बोलावले. पहिल्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, तिची नाडी पाहिल्यासारखा चेहरा केला आणि असा आकडा सांगितला की मी खाली बसलो. दुसऱ्याचा आकडा बरा होता, पण मलबा वाहून नेणं, धुळीसाठी पडदे, शेजारच्या भिंतीला टेकू, सगळं वेगळं. (म्हणजे इमारत पडली असती, पण तिथेच पडून राहिली असती.) तिसरा शांत होता. त्याने एकच विचारलं, "साहेब, उतरवायचं की पाडायचं?"

मला वाटलं, हा मला जोखतो आहे. मी छाती काढून म्हणालो, "पाडायचं." पाडायचा दर निम्मा निघाला. मी घासाघीस करून तोही थोडा पाडला, सही केली आणि घरी येऊन हिला तीनदा सांगितलं. (तिने एकदा ऐकलं.) आज कळलं, या धंद्यात उतरवणं म्हणजे दारं, खिडक्या, लोखंड एकेक सोडवून मालकाच्या हवाली करणं. पाडणं म्हणजे सहीनंतर आत जे काही असेल ते ठेकेदाराचं. मी भाव पाडला, बाकीचं तो पाडणार.

म्हणून गुपचूप वर निघालो होतो, एक वस्तू आणायला. चौथ्या पायरीवर इमारतीने मला धरून ठेवलं. ठेकेदार धावत आला, पाणी दिलं, आणि फार नम्रपणे म्हणाला की पायरी कापतो, पण पायरी आता आमची आहे.

तुझा धाकटा

ता. क. पाय सुटला. पायरीचे पैसे त्याने घेतले नाहीत. पँट मात्र त्याच्या मलब्यात गेली.

ता. क. २. खरं ते आता लिहितो. ती वस्तू म्हणजे बाबांच्या दुकानातलं गल्ल्याचं टेबल, दुकान मोडल्यावर वर नेऊन ठेवलेलं. सगळ्या इमारतीतून तू तेवढंच मागितलं होतंस, आणि तेच मी सही करून देऊन बसलो. त्याच्याकडे मागायला तोंड उघडलं आणि हवापाण्यावर बोललो. तू त्याला फोन कर. माझ्याशी तो आदराने बोलतो, त्यामुळे मला काही मिळत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, बरं झालं. आज सकाळी ठेकेदार स्वतः टेबल टेम्पोत घालून दारात आला. काल ते उलटं केलं तेव्हा खालच्या फळीवर खिळ्याने कोरलेलं दिसलं म्हणे: 'हे ताईचं आहे. हात लावशील तर बघ.' (अक्षर माझं, मजकूर तुझा. मी सात वर्षांचा होतो आणि तू समोर उभी होतीस.) तो म्हणाला, असलं लिहिलेलं आम्ही ठेवत नाही. फोन करू नकोस. टेबल माझ्या दारातून आत जात नाही, चौकट काढावी लागेल. तो उंबऱ्यात उभा राहून विचारतो आहे, उतरवायची की पाडायची.