पोंगलनंतरचा गुरुवार

रामेश्वरम्
४ जानेवारी १९९५

प्रिय अंबा,

तुझं कार्ड पोचलं. अठ्ठेचाळीस दिवसांचा नवस गेल्या आठवड्यात फिटला, तरी वहिनी अजून त्या बेटावर काय करतेय, असं विचारतेस. राहतेय, अंबा. चक्क राहायला लागले आहे. आले तेव्हा कार्तिकातला पाऊस कोसळत होता, आणि नागलक्ष्मी नावाच्या इडलीवालीने घरामागची जी खोली दिली तिच्यात घोट्याइतकं पाणी होतं. आता त्याच खोलीत माझा स्टोव्ह आहे, दोरीवर माझी लुगडी आहेत, आणि गल्लीतल्या बकऱ्या मला ओळखतात. इथे मीठ डब्यात पाघळतं, काडेपेटी पेटता पेटत नाही, पापड तळून ताटात पडेपर्यंत मऊ होतो. गोडं पाणी दिवसाआड गाड्यावर येतं. त्यासाठी मी अशी भांडते की नागलक्ष्मी आता स्वतःची घागरही माझ्याच हाती देते. सुकत घातलेल्या मासळीच्या वासाने पहिले चार दिवस घास उतरला नाही. आता त्या वासावरून मला वारा कुठल्या बाजूचा आहे ते कळतं.

हे पत्र देवनागरीत आहे म्हणून हसू नकोस. तुझ्या यजमानांना आणि मुलांना तमिळच वाचता येतं, तेव्हा हे उघडं पडलं तरी चालेल. मामंजींनी लेकीला आणि सुनेला एकाच पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, तेव्हा आपण दोघी किती कुरकुरलो होतो. कोपऱ्यावर एसटीडी बूथ आहे. दोनदा तुझा नंबर फिरवला आणि दोनदा ठेवून दिला. तुमचा फोन दिवाणखान्यात. मी बोलणार आणि तुमचं सगळं पापनाशम गाव ऐकणार.

पोंगल झाल्यावर येणाऱ्या गुरुवारी काय आहे ते तुला माहीत आहे. थोरल्या भावजींनी गुरुजी ठरवले, पळसाची पानं कुठून आणायची तेही ठरवलं. मामंजींच्या अस्थी घेऊन माझे यजमान, तुझे अण्णा, या बेटावर आले आणि परतले नाहीत, त्याला बारा वर्षं होतात. ना पत्र, ना निरोप. बारा वर्षं वाट पाहिली की शास्त्र पुरे म्हणतं. मग पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोने कुंकू पुसायचं. भावजींचंही चूक नाही. हरिणीचं लग्न वैशाखात. नवऱ्यामुलाच्या, कार्तिकच्या घरच्यांनी एवढंच म्हटलं, की मुलीचे वडील आहेत की नाहीत ते एकदा ठरवा, म्हणजे पत्रिकेत तसं लिहिता येईल. मुलगा मद्रासला कॉम्प्युटर कंपनीत आहे, हरिणीला पुढे शिकवणार म्हणतो. अशी माणसं पुन्हा मिळतील का, हे तूच मला विचारलं होतंस.

नवस वगैरे सगळं खोटं होतं, अंबा. आता कबूल करते. दिवाळीच्या आधी माझ्या कामावर, लायब्ररीत, पुण्याचे एक गृहस्थ मोडी कागद बघायला आले होते. कॉफी पिता पिता म्हणाले, तुमची ही मराठी मी मागच्या महिन्यात रामेश्वरला ऐकली. देवळातल्या बावीस विहिरींवर यात्रेकरूंच्या डोक्यावर बादलीने पाणी ओतणारी माणसं असतात ना, त्यांतल्या एकाने त्यांना आपल्या तंजावुरी बोलीत सांगितलं होतं, की उगी उभं राहा, पंचा धरा. त्यांना मोठी गंमत वाटली. माझ्या हातातला पेला मात्र तिथेच राहिला. त्याच दुपारी मी रजेचा अर्ज टाकला आणि घरी येऊन नवस बोलल्याचं सांगितलं. मला तो विधी मोडायचा होता. माणूस हाताला धरून तंजावुरात आणीन आणि भावजींच्या पुढ्यात उभा करीन, असा माझा तोरा होता.

रोज समुद्रात बुडी मारून ओल्या लुगड्याने मी त्या बावीस विहिरी फिरले. पाणी ओतणारी माणसं विहिरीच्या कठड्यावर उभी असतात. खालून बघावं तर त्यांचे पाय तेवढे दिसतात, आणि मान वर करावी तर डोळ्यांत पाणी. म्हणून मी पायच बघत गेले. बावीस दिवस मला कोण दिसलं नाही, आणि तेविसाव्या दिवशी डाव्या पायाची ती वाकडी करंगळी दिसली. बादली माझ्या डोक्यावर रिकामी झाली, दुसरी आली नाही. मी बाजूला झाले. मागच्या बायका ओरडत होत्या, आणि तुझे अण्णा रिकामी बादली धरून उभे होते.

हो, ते आहेत. धडधाकट आहेत. केस गेलेत, खांदे मात्र कामाने भरलेत. एवढं वाचून देवापाशी दिवा लावायला उठली असशील तर खाली बस, पुढे वाच.

मी विचारलं, का. बारा वर्षं मी हा एकच शब्द घोकत होते. त्यांनी सांगितलं, काही भांडण नव्हतं, दुसरं कोणी नव्हतं. मामंजींच्या अस्थी सोडल्या, बावीस विहिरींचं पाणी अंगावर घेतलं, आणि स्टेशनवर गेल्यावर गाडीत चढवेना. शाळा, तो वर्ग, ते घर, सगळं जणू दुसऱ्या कोणाचं होतं. उद्या जाऊ म्हणाले. मग परवा. महिना झाल्यावर लाज वाटायला लागली, आणि वर्ष झाल्यावर परतायला तोंड राहिलं नाही. मी इतकी संतापले की भर गल्लीत ओल्या लुगड्याने रडले. एखादी बया पळवून नेती तरी मला समजलं असतं. मग गुरुवारचं सांगितलं, हरिणीचं सांगितलं. ते म्हणाले, होऊ दे. तिचं लग्न होऊ दे, मला जाळा.

मी त्याच दिवशी बोचकं बांधायला हवं होतं. बांधलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते नागलक्ष्मीच्या ओसरीवर येऊन बसले आणि मी पान वाढलं. भूक लागलेल्या माणसाला काय बोलणार. उडदाच्या पिठाचं डांगर केलं होतं. खाऊन झाल्यावर म्हणाले, हिंग कमी पडला. बारा वर्षांनी माझ्या हातचं जेवणाऱ्या माणसाचं हे बोलणं. मी उलथनं फेकून मारणार होते आणि हसायलाच लागले. तेव्हापासून रोज येतात. जेवतात, स्वतःचं पान उचलतात, पाण्याच्या घागरी आत आणून ठेवतात, पावसाने गळणारा कोपरा शाकारतात. हरिणीबद्दल विचारतात, पण थोडंथोडं, दिवसाला एक प्रश्न. ती गाते का, चष्मा लागला का. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर परतणाऱ्या होड्या बघतो. नागलक्ष्मीला वाटतं हे माझे दूरचे कोणी. मला लाज वाटते सांगायला, पण लग्नानंतरच्या नऊ-दहा वर्षांतही मी इतकी सुखात नव्हते. बाजारातून येताना पावलं भरभर पडतात. आणि रोज सकाळी उठल्यावर बोटांवर दिवस मोजते.

मी सगळीकडून विचार करून पाहिला. हे आहेत असं सांगावं तर हरिणीचा बाप काय म्हणून सांगू? बायको आणि आठ वर्षांची पोर टाकून विहिरीवर पाणी ओढत बसलेला? ते लोक चांगले आहेत, पण चांगल्या लोकांनाही घराणं बघावं लागतं. हरिणीला काय वाटेल, त्याचा तर विचारही करवत नाही. बाप वारला असंच धरून ती रोज त्याच्यासाठी उदबत्ती लावते. टाकून गेलेल्या बापाचं ती काय करील? आणि न सांगावं, तर त्या गुरुवारी मी सवाष्ण म्हणून तिथे बसायचं आणि विधवा होऊन उठायचं, ज्याला मंगळवारी वाढलं त्याच्या नावाने. त्यानंतर इथे येणं नाही. आलेच तरी कोणत्या नात्याने वाढू? मी त्यांना म्हटलं, एक शब्द बोला, जा म्हणा किंवा थांब म्हणा. ते घागर उचलून आत गेले. माझं डोकं चालत नाही, अंबा. रात्री अन् दिवसा त्याच दोन दारांवर डोकं आपटतेय.

पण पोर माझी आहे. मी पोंगलनंतरच्या मंगळवारी रात्रीच्या गाडीला बसतेय, बुधवारी तंजावुरात येईन. विधी होईल. तुला हे सांगायला नको होतं. भाऊ जिवंत आहे असं सांगायचं आणि त्याच पत्रात त्याला जाळायला बोलवायचं, एवढी मी वाईट नव्हते. पण तिथे जमलेल्यांत खरं जाणणारी मी एकटीच असले तर मला ते निभणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पानांना अग्नी लावताना मी उठून बोलेन. म्हणून हे लिहिलं. गुरुवारी पहाटेच्या गाडीने ये, बायकांमध्ये माझ्या अगदी लगत बस, आणि माझा हात धर. मी तोंड उघडते आहे असं वाटलं, तर सगळ्यांच्या देखत मला पोटाशी घट्ट घे, माझं तोंड तुझ्या खांद्यावर दाब, आणि मोठ्याने रड. बहीण रडतेय असंच सगळे म्हणतील.

तुझीच,
भवानी वहिनी