मागच्या कमानीतला आवाज

पौष शु. ४
केजहून मोमिनाबादला. कचेरीत तारीख होती. मोटारीचा आवाज आजही. मागून, डाव्या अंगाने. खड्डा गेल्यावर जरा उशिरा, टक्. माझी बायको गोदा मागे डाव्या बाजूलाच बसायची. तीही खड्डा गेल्यावर "हळू" म्हणायची. मी म्हणायचो, आता सांगून काय उपयोग. कार्तिकात गेली.
निकाल आमच्या बाजूने लागला. पक्षकाराने पेढे दिले. घरी कुणापुढे ठेवायचे ते सुचेना.

पौष शु. ६
रहीम मिस्त्री आला. गाडीखाली पडूनच बोलतो. "वकीलसाब, ये मोटर नै, सास है. चुप बैठतीच नै." कमानीचे पाटे सोडले, एरंडेल घातले, वरून तागाची दोरी आवळली. बाजारापर्यंत आवाज नाही. वेशीपाशी पुन्हा करकर, टक्.

पौष शु. ९
मागे ज्वारीची पोती टाकून नेकनूरपर्यंत जाऊन आलो. कमान दबली तशी करकर थांबली. टक् थांबले नाही. मिस्त्री म्हणतो आवाज दोन आहेत. एक कमानीच्या कडीचा, बोल्ट झिजला आहे. दुसरा? "दुसरा बाद में देखेंगे."

पौष शु. १३
नवा बोल्ट बसला. करकर गेली. टक् आता अगदी स्वच्छ ऐकू येते. मिस्त्रीने माझ्या काकांना सहज विचारले, मागच्या बैठकीखालच्या पेटीत जॅकशिवाय काय ठेवता? काका एकदम उखडले. "कावून इचारतो बे? कमान बघ, कमान." मिस्त्री हसला.
त्या पेटीत काय होते ते मला ठाऊक आहे. गोदाच्या दहनात मडके फोडलेला दगड, जीवखडा. घरात आणायचा नसतो, म्हणून दहाव्यापर्यंत पुरचुंडीत बांधून तिथे ठेवला होता.

पौर्णिमा
काका ओसरीवर येऊन बसले. सुपारी कातरत राहिले, खाल्ली नाही. "दहाव्याला मांजरेवर जाताना चाक बसलंतं, याद हाय का? म्या घाईत जॅक वढला. घाटावर पुरचुंडी सोडली तं रिकामी. भटजी घाई करत व्हते. नदीतला खडा उचलून देल्ला."
मला का नाही सांगितले?
"तुला काय सांगावं? तू सोताच दगडावानी बसलाता."
मग रडले. मला रागावता आले नाही.
त्या दिवशी कावळा पिंडाला शिवेना. मी एकेक बोलून पाहिले. तुझ्या धाकट्या बहिणीचे लग्न करून देईन. तुळस सुकू देणार नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून हेच डोक्यात, तिचे काय राहिले. आता हे.

पौष व. २
मिस्त्रीने मागच्या डाव्या बाजूच्या फळीला कान लावला, काकांनी गाडी हलवली. टक्. पेटीच्या बुडाला फट आहे. तिथून काहीतरी चाकावरच्या पोकळीत गेले आहे. "नट होंगा साब. खोलूं?" नको म्हटले. पाना मागून घेतला.

पौष व. ३
काका म्हणतात, इथंच उघड अन् मोकळा हो. नट निघाला तर कावळ्याचे कोडे तसेच. जीवखडा निघाला तर घरापुढे तो हातातून माझ्याच्याने सोडवणार नाही. मांजरेवर नेऊनच फळी काढायची.
काका मागे बसतो म्हणाले. उजवीकडे बसा, म्हटले.

पौष व. ४
मांजरेच्या काठी, गाडीत बसून लिहितो आहे. युसूफ वडगावापुढे रस्ता फार वाईट. आज प्रत्येक खड्ड्याच्या आधीच गाडी हळू केली. एकदाही टक् झाले नाही. काकांनीही ते जाणले.
आता पाण्यात पाय घालून उभे आहेत. "काढतो का न्हाई फळी?"
पाना मांडीवर आहे. काढतो म्हटले. हे एवढे लिहून