उघड्या डोळ्यांची सर्व्हिस

१४ मार्च, दुपार

प्रिय टिचके,

आशीर्वाद आहेतच. इकडे सगळं ठीक. यांचा गुडघा कुरकुरतोय, माझी जीभ नेहमीसारखी चालतेय. बँकेतून निवृत्त होऊन महिना झाला, तरी रोज सव्वानऊला चप्पल शोधते आणि मग आठवतं.

तुझं चित्र मिळालं. खोक्याची पट्टी एका बाजूने सुटली होती, म्हणून आधी पोस्टमनवर संशय घेतला. हे म्हणाले, "शंकासुरबाई, तुमच्या बहिणीचं चित्र घेऊन तो काय करणार?"

चित्र सुरेख आहे. क्लबातलं टेबल टेनिसचं टेबल, नेटचा उसवलेला कोपरा. माझ्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा विसरली नाहीस. आपल्या दोघींची फायनल. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सर्व्हिस करणारी तू. आणि तुझे डोळे उघडे.

आठवडाभर मला चैन नाही.

अगं, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत पुटपुटल्याशिवाय तू आयुष्यात एक सर्व्हिस केली नाहीस. आपले सर वैतागायचे, "देव काय पंच आहे का गं?" मी देवाच्या वाटेला कधी गेले नाही, पण तुझ्या त्या दोन सेकंदांवर माझा पक्का विश्वास होता. तू मागायचीस आणि बॉल मुकाट जायचा.

त्या दिवशी वीस-एकोणीस, मी पुढे. जिंकेल तिला खेळाडूंच्या कोट्यातली बँकेची नोकरी. तू डोळे मिटले नाहीस. सरळ माझ्याकडे बघितलंस आणि बॉल नेटमध्ये मारलास.

घाईत विसरली असेल, असं मी सदतीस वर्षं स्वतःला सांगत आले. पण जिला बटण आठवतं, तिने डोळे उगाच उघडे काढले असतील? आणि ते नेमके माझ्या निवृत्तीलाच? हे सहज काढलंस, की तुला मला काही सुचवायचंय? चोराच्या मनात चांदणं, म्हणशील. म्हण.

कारण चोर मीच आहे. आपल्या दोघींत तू सरस, मी हरणार हे मला ठाऊक होतं. सामन्याच्या सकाळी मी न्हाणीघरात रडत होते, आठवतं? दाराखालून तुझी सावली दिसली. तेव्हा मी नळ बंद केला. तुला नीट ऐकू जावं म्हणून.

पुढे तू उन्हात शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्यास. मी पंख्याखाली बसून लोकांना सांगायचे, "धाकटी कलाकार आहे, तिला नोकरी कुठली मानवते." या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

चित्र अजून भिंतीवर लावलेलं नाही. कपाटाला टेकवून ठेवलंय, तोंड आतल्या बाजूला करून.

रविवारी ये. क्लबात टेबल सांगून ठेवलंय. तिथूनच सुरू करू, वीस-एकोणीस, सर्व्हिस तुझी. आपल्या गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो. मात्र डोळे मीट. समोर ताई उभी आहे हे विसर, आणि या खेपेला स्वतःसाठी माग.

नळ बंद करणारी,
तुझी ताई